श्वासाचा फसवा हिशेब

सोलापुरात जुन्या गिरणीचा भोंगा केव्हाच थांबला. विड्या मात्र आजही घरोघर वळल्या जातात, आणि ओढल्याही जातात. जन्मभर विडी ओढलेल्या एखाद्या वृद्ध कामगाराला चार पायऱ्या चढताच धाप लागते. पण नळीत फुंकून घेतलेली चाचणी जवळजवळ निर्दोष निघते. मग ‘वयाचे दुखणे’ म्हणून त्याची बोळवण होते. ही फसगत समजून घेण्याजोगी आहे. फुप्फुसाचा वरचा भाग फुगून पोकळ झालेला असतो, खालचा चिवट होऊन आकसलेला. एकाने वाढविलेले आकारमान दुसरा घटवितो आणि कागदावर हिशेब जुळतो! रक्तात प्राणवायू पोहोचविण्याचे काम मात्र दोन्ही विकार मिळून बुडवितात. फ्रेंच वैद्यक कोतँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अशा ६१ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ते सारे धूम्रपान करणारे वा पूर्वी केलेले होते. निदानाच्या वेळीच जवळजवळ निम्म्यांच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला होता. हा दाब नसलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के पाच वर्षे जगले, असलेल्यांपैकी अवघे २५ टक्के. म्हणजे आयुष्याचा अंदाज फुंकण्याच्या चाचणीत नव्हे, हृदयाच्या सोनोग्राफीत आधी दिसतो. छातीचा सीटी स्कॅन आणि रक्तात वायू किती शिरतो हे मोजणारी चाचणीही हवीच. विडी कामगाराच्या हाती मात्र बहुधा तोच पहिला, निर्दोष कागद असतो.