गोपनीयतेची किंमत कोण मोजतो?

मोबाइलच्या कीबोर्डवर पुढचा शब्द सुचवणारी प्रणाली माणसांच्या लिखाणातूनच शिकते, आणि त्या लिखाणात आजारांपासून घरगुती भांडणांपर्यंत सारे काही येत असल्यामुळे, तिने भाषा शिकावी पण लिहिणाऱ्याचे गुपित लक्षात ठेवू नये, ही यंत्रशिक्षणापुढची, म्हणजे उदाहरणांवरून संगणकाला नियम शिकवण्याच्या शास्त्रापुढची, खरी अडचण आहे. ती काल्पनिक नाही. निकोलस कार्लिनी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये जीपीटी-२ या भाषा-प्रारूपाकडून मजकूर लिहवून घेत, शिकवताना वापरलेल्या मजकुरातील नावे व फोन क्रमांक जसेच्या तसे बाहेर काढून दाखवले.

नावे गाळणे पुरत नाही, हे ओळखून सिंथिया ड्वर्क आणि तिच्या सहसंशोधकांनी २००६ मध्ये ‘डिफरन्शियल प्रायव्हसी’ ही संकल्पना मांडली: एखाद्या व्यक्तीची माहिती संचात असो वा नसो, निष्कर्ष जवळजवळ तोच यावा. हे ‘जवळजवळ’ एप्सिलॉन या संख्येने मोजतात. ती जितकी लहान, तितके संरक्षण कडक. मार्टिन अबादी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये शिकण्याच्या प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक उदाहरणाच्या प्रभावाला मर्यादा घालून त्यात यादृच्छिक आकडे मिसळण्याची रीत दिली, तेव्हा हस्तलिखित अंक ओळखण्यातली अचूकता एप्सिलॉन ८ असताना सुमारे ९७ टक्के, २ असताना ९५ आणि ०.५ असताना ९० टक्के भरली.

हा मुद्दाम मिसळलेला गोंधळ निष्प्रभ करायचा तर एकेका टप्प्यात पुष्कळ उदाहरणांची सरासरी घ्यावी लागते, आणि येथे विजेचा प्रश्न उभा राहतो. गूगलने स्पॅनिश कीबोर्डसाठी असे प्रारूप घडवले, त्याची माहिती २०२२ मध्ये दिली. प्रत्येक फेरीत ६,५०० फोन, अशा २,००० फेऱ्या, म्हणजे सव्वा कोटीहून अधिक वेळा कुठल्या ना कुठल्या फोनने गणन केले. लिखाण फोनमध्येच राहते, बाहेर जातो तो फक्त शिकण्यातून निघालेला बदल; फोन चार्जिंगवर आणि वापरात नसतानाच हे काम होत असल्याने बॅटरी उतरत नाही, पण खर्च होणारी वीज कंपनीच्या नव्हे, घरोघरच्या बिलात जाते.

अचूकतेतली घट तर याहून विषम वाटली जाते, आणि हीच बाब सर्वांत गंभीर मानायला हवी. यूजीन बागदासारियान आणि विटाली श्मातिकोव्ह यांनी सहकाऱ्यासह २०१९ मध्ये दाखवले की चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या प्रारूपाला या रीतीने शिकवले की कृष्णवर्णीयांबाबतची अचूकता गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक ढासळते, कारण विरळ उदाहरणाचा प्रभाव मोठा असतो आणि मर्यादेची कात्री नेमकी त्यावरच चालते. याच न्यायाने मराठी कीबोर्डमध्ये प्रमाण भाषेचे शब्द टिकतील, मात्र मोजक्याच लोकांनी टंकलेले मालवणी किंवा अहिराणी शब्द त्या गोंधळात बुडण्याचा धोका राहतो.

म्हणूनच एप्सिलॉन किती ठेवायचा हा केवळ अभियंत्यांचा निर्णय नव्हे. अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०२० च्या गणनेसाठी ही पद्धत स्वीकारली, तेव्हा आकडेवारी वापरणाऱ्यांनी अचूकतेबद्दल तक्रारी केल्या, अलाबामा राज्य न्यायालयात गेले, आणि मतदारसंघ-आखणीच्या आकडेवारीसाठी विभागाने अखेर १९.६१ हा बराच सैल एप्सिलॉन जाहीरपणे निवडला. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात असे कोणतेही माप नाही. ते येईल तेव्हा त्यासोबत कोणत्या गटाची अचूकता किती घटली आणि त्यासाठी वीज किती लागली, हेही जाहीर करणे बंधनकारक असले पाहिजे.