गोडे पाणी, खारी जमीन



आपल्या हातकणंगले तालुक्याला उत्तरेकडे वारणा आहे, दक्षिणेकडे पंचगंगा आहे. नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. पंपाने पाणी माळापर्यंत चढले. पाणी आले तसा ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले. पोरे कॉलेजात गेली. हे सारे पाण्याने केले.

पण त्याच पाण्याने काही शिवारांत जमीन बिघडली आहे. सखल, काळ्या रानात उन्हाळ्यात जाऊन बघा. वरंब्यावर पांढरा थर दिसतो. जणू कुणी मीठच शिंपडले आहे. ऊस उगवतो तो ठिगळाठिगळाने. लोक म्हणतात, "रान क्षारपड झालं." शेजारच्या शिरोळ तालुक्यात अशी राने पुष्कळ आहेत. ज्या रानाने बापाचे कर्ज फेडले, त्याच रानात लेकाला बियाण्याचा खर्चही निघत नाही.

मग हे मीठ आले कुठून? आपण तर गोडे पाणी पाजले!

आम्ही शाळेत हिशेब शिकवला, म्हणून इथेही हिशेबच मांडतो. पिण्याला गोड लागणाऱ्या विहिरीच्या पाण्यातही लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असू शकतात. जिभेला ते कळत नाहीत. एक एकरावर तीन इंच पाणी उभे केले, तर ते सुमारे तीन लाख लिटर होते. तीन लाखांना अर्ध्या ग्रॅमने गुणा. दीड लाख ग्रॅम, म्हणजे दीडशे किलो! एका पाळीला दीड क्विंटल क्षार रानात पडले. ऊस पाणी पितो, क्षार बहुतेक मागेच ठेवतो. वर्षात पाळ्या किती देता, ते तुम्हीच मोजा.

पाणी खाली झिरपून ओढ्याला गेले, तर क्षारही त्याबरोबर जातात. पण काळी माती चिकट. तिच्यातून पाणी लवकर निघत नाही. पाट भरून पाणी देत गेले की जमिनीच्या पोटातले पाणी वर वर येते. ते चार-पाच फुटांवर आले की धोका सुरू झाला. दिव्याची वात तेल वर ओढते ना? तशी माती खालचे पाणी वर ओढते. उन्हाने पाणी उडून जाते, मीठ वर राहते. उसाच्या मुळ्यांना हवा मिळत नाही, त्या कुजतात.

असा ऊस पिवळा पडतो. गड्याला वाटते, पिकाला खत कमी पडले. तो युरियाचे आणखी एक पोते आणतो. मुळीच कुजली, तर खत खाणार कोण? पैसा जातो आणि खताचे क्षार रानात वाढतात ते वेगळेच.

हे दुखणे आजचे नाही. नीरेचा डावा कालवा 1885 साली सुरू झाला. पुढे काही वर्षांतच बारामतीकडच्या उसाच्या जमिनी खारावू लागल्या. त्याहून फार जुनी गोष्ट इराक देशाची. तिथे चार हजार वर्षांपूर्वी पाटाच्या पाण्याने जमीन खारावली. लोकांना गहू सोडून जव पेरावे लागले, कारण जव खारे रान जास्त सोसते.

आता उपाय. रानात सहा फूट खोल भोक पाडा, त्यात बाजूने भोके असलेली नळी उभी करा. आतले पाणी किती फुटांवर आहे, ते महिन्याला काठीने मोजा. पाणी वर चढत असेल, तर पाळ्या लांबवा. एक सरी सोडून दुसऱ्या सरीला पाणी द्या. ठिबक जमत असेल तर फार उत्तम. वीज रात्रीची येते म्हणून मोटार सुरू करून झोपी जाण्याची खोड मात्र फार वाईट. सकाळी उठून पाहावे, तर पाणी खालच्या रानात!

पाचट जाळू नका. ते सरीत पसरले की ऊन मातीला लागत नाही. ओल टिकते, मीठ वर येणे कमी होते. एकरी तीन-चार टन पाचट निघते. टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. पाचटाचे खत होते.

रान आधीच बिघडले असेल, तर निचरा केल्यावाचून गत्यंतर नाही. उघडा चर काढता येतो. भोके पाडलेले पाइप जमिनीत पुरूनही पाणी बाहेर काढतात. माती तपासून घ्या. ती चोपण असेल, म्हणजे ओली असता चिकट आणि वाळली की दगड होत असेल, तर जिप्सम लागते. पण आधी निचरा, मग जिप्सम. जिप्समने सुटलेला क्षार बाहेर जायला वाट नसेल, तर पैसे मातीतच गेले म्हणा. त्यानंतर ताग किंवा धैंचा पेरून फुलावर आला की गाडावा.

खरी अडचण पुढेच आहे. चराचे पाणी ओढ्याला न्यायचे, तर वाट शेजाऱ्याच्या बांधातून जाते. शेजारी म्हणतो, "माझं रान चांगलं आहे, मी का खोदू देऊ?" वरच्या रानाचे पाणी खालच्याला बाधते आणि खालच्याने तोंड बुजवले की वरच्याचे तुंबते. एकट्याने पाइप पुरून भागत नाही, खर्चही एकट्याला झेपत नाही. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने शेतकऱ्यांचे गट करून पाइपाने निचऱ्याची कामे करवली, ती याच कारणाने. पूर्वी जिथे कुसळही नव्हते, अशा रानांत तिथे पुन्हा पीक आले आहे.

तेव्हा ओढ्याकाठच्या साऱ्या खातेदारांनी उन्हाळ्यातच एकत्र बसावे. चराची वाट कुणाच्या रानातून जाईल, खर्च एकरी कसा वाटायचा, दरसाल ओढ्याचे तोंड कोण साफ करील, हे कागदावर लिहावे आणि खाली सर्वांनी सह्या कराव्यात. आता आपल्याला सही करता येते.