चेहरा, नाव आणि गाव

जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटाच्या खिंडीत सातवाहनांचं लेणं आहे. डाव्या-उजव्या भिंतींवर राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आणि समोरच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे. सिमुक सातवाहन, नागनिका, श्री सातकर्णी आणि राजकुमार असे ओळीनं उभे होते. आज पुतळे नाहीत. कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. पण त्यांच्या डोक्यावर कोरलेली बहुतेक नावं अजून वाचता येतात, आणि म्हणूनच इथे कोण उभं होतं हे दोन हजार वर्षांनंतरही सांगता येतं.

कॅमेरा आला तेव्हा नेमकं उलटं घडलं. मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या रहिवाशांच्या आणि पाहुण्यांच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. पागोटी, शालू, दागिने, हत्यारं, सगळं त्यात स्पष्ट दिसतं. माणसं मात्र स्टुडिओत उभी करून टिपलेली आणि नंतर वेगळ्याच देखाव्यावर बसवलेली. चित्राखाली बहुधा जातीचं किंवा धंद्याचं नाव. सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड छापले, त्यांचीही तीच तऱ्हा. चेहरा राहिला, माणूस कोण ते गेलं. एखाद्या मुलखाची ओळख फोटोतून सांगू पाहणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे, आणि जुन्नर-आंबेगावात तो फार जवळून पाहता येतो.

हा मुलूख दिसायला देखणा, त्यामुळे फसवा. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, माळशेजचं धुकं, भीमाशंकरचं रान: कुठेही कॅमेरा रोखला तरी चित्र चांगलं येतं. पण तसं चित्र पावसाळ्यात येणाऱ्या कोणालाही मिळतं. पश्चिमेकडे डोंगरकपारीत महादेव कोळी समाजाची भातखाचरं आणि हिरड्याची झाडं. पूर्वेकडे डिंभ्याच्या कालव्यावर पोसलेला ऊस, कांदा, बटाटा. उसात बिबट्या, खोडदच्या माळावर आकाशाकडे तोंड करून उभ्या महाकाय रेडिओ दुर्बिणी. एकाच मुलखात दोन वेगळी हवामानं आणि दोन वेगळी जगणी. हे सगळं एका देखाव्यात मावत नाही. त्यासाठी माणसांत बसावं लागतं, आणि कोणत्या महिन्यात कुठे बसायचं हे ठाऊक असावं लागतं.

चैत्रात बसायची जागा म्हणजे नारायणगाव. पाडव्याच्या सुमारास तमाशाचे फडमालक इथे राहुट्या ठोकतात. गावोगावचे पंच यात्रेची तारीख घेऊन येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, वग कुठला, नाचणाऱ्या किती, गाडीभाडं कोणाचं यावर घासाघीस होते आणि सुपारी ठरते. राहुटीत एक गादी, लोड, पाण्याचा तांब्या, मागे फडाच्या नावाचा फलक आणि तारखांची वही. बोटं त्या वहीतल्या रिकाम्या तारखेवर टेकलेली असतात, पंच एकमेकांकडे बघत असतात, आणि फडमालक गप्प असतो. या गप्प क्षणाचा एक फोटो तमाशाच्या अर्थकारणाबद्दल जे सांगेल, ते रंगमंचावरच्या दहा गिरक्यांना जमायचं नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेली ही कलावंत २००२ मध्ये गेली, पण तिचं नाव इथे अजून रोजच्या बोलण्यात आहे.

तमाशाचं हे जग कॅमेऱ्यानं कसं टिपावं, याचा वस्तुपाठ संदेश भंडारे यांनी घालून दिला. त्यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक लोकवाङ्मय गृहानं प्रसिद्ध केलं. गण, गौळण, वग यांच्याइतकंच तंबूमागचं जगणं त्यात आहे. तमाशाचा फोटो म्हणजे लावणीचा फोटो, अशी शहरात समजूत झाली होती. भंडारे फडाबरोबर हिंडले, म्हणून सोंगाड्या, ढोलकीवाला, रंगरंगोटी करताना बसलेल्या बाया हे सगळे कष्टकरी म्हणून समोर आले. वारीवरचं त्यांचं काम आणि ‘असाही महाराष्ट्र’ हेही याच जातीचं. महाराष्ट्राची ओळख आकाशातून घेतलेल्या गडकिल्ल्यांच्या चित्रांनीही होते, आणि ती चित्रं भव्य असतात यात वाद नाही. पण त्या उंचीवरून माणसाचा चेहरा दिसत नाही.

यात्रेचं दुसरं अंग म्हणजे बैलगाड्यांचा घाट. ‘घाट’ म्हणजे इथे शर्यतीची चढती धावपट्टी. पुढे घोडी, मागे बैल, आणि काही सेकंदांत बारी, म्हणजे एक धाव, संपते. छायाचित्रकाराला दोनच वाटा. एक तर सेकंदाच्या हजाराव्या भागात शटर मारायचं, म्हणजे उडालेली माती आणि बैलाचे चारही सुटलेले पाय गोठतात; नाहीतर शटर संथ ठेवून कॅमेरा गाड्याबरोबर फिरवायचा, म्हणजे बैल ठसठशीत आणि मागची गर्दी रेघारेघांची होते. वैशाखातल्या दुपारी ऊन डोक्यावर असतं, टोपीची सावली चेहऱ्यावर पडून डोळे काळे होतात. स्थानिक फोटोग्राफर भर उन्हात फ्लॅश मारतो तो त्यासाठी. बाहेरच्याला नवल वाटतं, पण फ्लॅशमुळेच घाटातल्या म्हाताऱ्याचे डोळे फोटोत दिसतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत घाट ओस पडले. त्या ओस घाटांचे फोटो कोणी काढले असतील, तर ते आज मोलाचे आहेत.

शर्यतीचे बैल पाळणाऱ्या घरांमध्ये एक गोष्ट डोळ्यांत भरते. भिंतीवर किंवा फ्लेक्सवर बैलाचा फोटो असतो आणि त्याखाली बैलाचं नाव, मालकाचं नाव, गावाचं नाव. जॉन्सनच्या खंडांतल्या माणसांना जे मिळालं नाही, ते इथल्या बैलाला मिळतं. गावातल्या साध्या स्टुडिओवाल्यानं ही रीत जपली आहे. लग्न, साखरपुडा, यात्रेची मिरवणूक, शाळेचा गट-फोटो यांचा ढीग त्याच्याकडे असतो, आणि या मुलखाचा सर्वांत प्रामाणिक संग्रह तोच आहे. दुर्दैवानं तो कोणी संग्रह मानत नाही. दुकान बंद झालं की निगेटिव्ह रद्दीत जातात.

आणि इथे गमावण्याचा अनुभव जुना आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचे अवशेष वर येतात. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर दरड कोसळली, दीडशेहून अधिक माणसं गेली, घरं गेली, घरातलं सारं गेलं. अशा ठिकाणी नातेवाइकाकडे उरलेला एखादा लग्नाचा फोटो हाच त्या अंगणाचा, त्या दाराचा पुरावा असतो.

महाळुंगे पडवळ हेही आंबेगाव तालुक्यातलंच गाव. गिरणीत काम करणारे बाबू गेनू सैद इथले. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर ते आडवे झाले आणि हुतात्मा झाले. त्यांचं नाव मुंबई-पुण्यात पोचलं. पण त्यांच्या काळात, त्यांच्यानंतर, या गावातून गिरण्यांत गेलेल्या इतर माणसांचे फोटो आजही घराघरांतल्या ट्रंकांत असतील, आणि त्यांना ओळखणारी शेवटची पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. तेव्हा या दिवाळीत ट्रंक उघडा. चिकट पानांच्या अल्बममधून जुने फोटो हळूच सोडवा, कारण तो गोंद त्यांना खातो. आजीला शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं, दाब न देता, लिहा: नाव, गाव, साल, आणि फोटो कोणी काढला. बॉलपेन वापरू नका, त्याचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो.