नालंदातील शाळांचे वातावरण

शालेय मानसिक आरोग्याचा विचार खचलेल्या मुलापुरता न ठेवता संपूर्ण शाळेला लागू केल्यास काय घडते, हे बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत झालेल्या ‘सेहेर’ या प्रयोगाने तपासले. गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ संस्थेच्या या उपक्रमात भित्तिपत्रक, सूचनापेटी व समुपदेशन यांद्वारे ‘शालेय वातावरण’, म्हणजे शिक्षक-विद्यार्थ्यांचे परस्परसंबंध, आपलेपणा आणि निर्णयांतील सहभाग, सुधारण्यावर भर होता. हे काम काही शाळांत प्रशिक्षित समुपदेशकाकडे, तर काहींत शिक्षकांकडे सोपवले असता, २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या गटात वातावरण सुधारून नैराश्याची लक्षणे व दादागिरी घटली, शिक्षकांच्या गटात मात्र तसा परिणाम आढळला नाही, आणि अध्यापनाखेरीज त्यांच्यावर पडणारी कामे पाहता त्याचे फारसे नवल वाटू नये.