शहापूर कोठे संपते?

बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना मी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करण्याचे काम धरले. पिग्मी म्हणजे काय हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. तरीही आमचे मासिक बाहेरगावीही जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. दुकानदार रोज वीस-पन्नास रुपये बाजूला काढतो. संस्थेचा माणूस दुकानात येऊन ते घेतो, कार्डावर मांडतो, आणि मुदत भरली की रक्कम व्याजासह दुकानदाराच्या हाती येते. पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्ध झालेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली ही योजना काढली, तेव्हा रोजचा हप्ता होता दोन आणे. गोळा करणाऱ्याला पगार नसतो. जमेवर शेकडा कमिशन मिळते. म्हणून कोणती गल्ली कोणाकडे हा आमच्या दृष्टीने भूगोलाचा प्रश्न नव्हता, परीक्षेच्या फीचा होता.

माझ्याकडे टिळकवाडी होती. शहापूर माझ्याच वर्गातल्या एका मित्राकडे होते. त्याच्या घरी कन्नड बोलतात, वडिलांचे दोन माग आहेत. आम्ही आपापसांत मराठी बोलतो, पण नोटा मोजताना तो कन्नडमध्ये मोजतो आणि मी मराठीत. भांडण कधी नव्हते. ते लागले गोवावेशीच्या आसपासच्या अकरा दुकानांवरून. त्यांतली आठ माझ्याकडे होती व तीन त्याच्याकडे. त्याचे म्हणणे असे, की ही अकराच्या अकरा शहापुरातली आहेत आणि मी त्याच्या हद्दीत शिरलो आहे.

आम्ही दोघे साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "कागद दाखवा." कागद पुष्कळ होते. महापालिकेचे एकंदर ५८ प्रभाग. पण प्रभागाची रेघ नेमकी रस्त्याच्या मधून जाते, आणि समोरासमोरचे दोन दुकानदार वेगळ्या नगरसेवकाला मत देतात हे त्यांना स्वतःलाच निवडणुकीखेरीज आठवत नाही. प्रभागाच्या आकड्याने कोणी आपला पत्ता सांगितल्याचे मी तरी ऐकलेले नाही. पोस्टाचा पिनकोड पाहिला. शहापूरचा ५९०००३, टिळकवाडीचा ५९०००६. अकरा दुकानांच्या पावत्यांवर दोन्ही सापडले, आणि एकाने तर ५९०००१ छापला होता. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "मोठ्या पोस्टाचा नंबर असला की पत्र चुकत नाही."

पाट्या मोजल्या. आठ दुकानांवर 'टिळकवाडी' लिहिलेले. मी खूश झालो. पण पाटीचा पुरावा फार धरू नये हे मला नंतर कळले. टिळकवाडी म्हणजे रुंद रस्ते, बंगले, शाळा-कॉलेजे. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली जे काँग्रेसचे अधिवेशन भरले, ते याच बाजूला. काँग्रेस रोड आणि काँग्रेसची विहीर ही त्याचीच आठवण. या भागाचे जुने नाव थळकवाडी, ते अजून हायस्कुलाच्या नावात टिकून आहे. अशा भागाचे नाव पत्त्यावर असले की गिऱ्हाईक बरे येते आणि भाडेही बरे येते. म्हणून टिळकवाडी दरवर्षी थोडी थोडी पसरते. जागेच्या जाहिरातींत तर ती पार अनगोळच्या शेतापर्यंत गेलेली आहे.

मग माणसांनाच विचारावे असे ठरवले. ही गंमत वाचकांनी स्वतः करून पाहावी. गोवावेशीपाशी फुले विकणाऱ्या मावशींना विचारले, "मावशी, शहापूर कुठं सुरू होतं?" त्या म्हणाल्या, "ते काय, पुढं." पुढे गेलो. तिथला बांगड्यांचा दुकानदार म्हणाला, "शहापूर व्हय? आणि खाली जा." आणखी खाली गेलो, तर तेथेही शहापूर पुढेच! शेवटी पिठाच्या गिरणीवाल्या काकांनी हसून विचारले, "काय मोजायलास रे मघापासनं?" मी सांगितले. ते म्हणाले, "अरे, हे शहापूरच की. पाटी टिळकवाडीची लावलीया, खरं वर्गणी शहापूरच्या मंडळाला देतोय." (आपल्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', हे पुण्याच्या पाहुण्यांना मुद्दाम सांगावे लागते.)

काकांचे बोलणे डोक्यात राहिले. त्या रात्री मी माझी गेल्या वर्षीची वही काढली. दुकान बंद असले की त्या दिवसाच्या रकान्यात आम्ही आडवी रेघ मारतो. फाल्गुनाचे पान उघडले आणि थक्क झालो. माझ्या आठ दुकानांपैकी तिघांची रेघ धुळवडीच्या दिवशी होती. दुसऱ्या तिघांची चार दिवसांनी, रंगपंचमीला. एकाची दोन्ही दिवशी. राहिलेले एक औषधांचे दुकान, ते कधीच बंद नव्हते.

बेळगावात राहणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. गावात, कॅम्पात आणि टिळकवाडीत रंग खेळतात तो होळीच्या दुसऱ्या दिवशी. शहापुरात आणि त्याला लागून असलेल्या वडगाव-खासबागच्या बाजूला तो खेळतात पंचमीला. लहानपणी मी दोन्ही दिवस रंगत असे, कारण आत्या शहापुरात. पण असे का, हे मी कधी विचारले नव्हते. या वेळी आत्याच्या सासऱ्यांना विचारले. ते म्हणाले, "आम्ही सांगलीकरांचे. तुम्ही इंग्रजांचे."

हे शब्दशः खरे आहे. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला व बेळगाव कंपनी सरकारच्या मुलखात गेले. पण शहापूर ही पेठ पटवर्धनांच्या सांगली संस्थानात राहिली, ती १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे असे होते, की बेळगावातून निघालेला माणूस दहा-पंधरा मिनिटे चालला की दुसऱ्या राज्यात पोचे. राजा वेगळा, कचेरी वेगळी. जुनी माणसे रंगपंचमीचे कारण संस्थानाच्या रिवाजाशी जोडतात. संस्थान गेले, कचेरी गेली, मधली मोकळी जागा घरांनी भरून गेली, तरी ती सीमा माझ्या पिग्मीच्या वहीत उमटली होती.

खोटे कशाला सांगू, ती वही मी दोन दिवस दप्तरातच ठेवली. मित्राकडच्या तिन्ही दुकानांची रेघ पंचमीचीच असणार हे उघड होते. वही दाखवली असती तर माझी निदान तीन दुकाने जात होती. त्यांतली दोन रोज शंभराची.

त्या दोन दिवसांत मी शहरभर उगाच हिंडलो आणि सीमाच शोधत बसलो. आपल्या गावाच्या सीमा माणसांनी कशाकशाने ओळखाव्यात! जुन्या गावाची हद्द वेशींच्या नावांत आहे: गोवावेस, बोगारवेस, काकतीवेस. वेस म्हणजे गावाचे दार. दारे केव्हाच गेली, नावे राहिली. 'बोगार' हा शब्द कन्नडातला, तांब्या-पितळेची भांडी करणारे ते बोगार. 'वेस' मराठी. दोन्ही भाषा एकाच दारात उभ्या. बोगारवेशीला आता धर्मवीर संभाजी चौक हे नाव आहे, पण रिक्षात बसून लोक अजून बोगारवेसच सांगतात. तसेच 'गल्ली' या शब्दाचे. हुबळी-धारवाडकडे 'ओणी' म्हणतात, पण बेळगावचा कन्नड माणूसही 'गल्ली'च म्हणतो. माझ्या मित्राने सांगेपर्यंत हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

रेल्वेमार्ग ही दुसरी मोठी रेघ. कपिलेश्वर मंदिरापाशी पूर्वी फाटक होते, आता उड्डाणपूल आहे. पण 'फाटकापलीकडचा' हा शब्द पुलावरून जाणारेही वापरतात. टिळकवाडीत तर फाटकांनाच आकडे आहेत. पहिले, दुसरे, तिसरे, आणि घराचा पत्ता त्यांवरूनच सांगायचा. कॅम्पाची हद्द सर्वांत सोपी. झाडे दाट झाली, घरे विरळ झाली, की लष्कराची हद्द आली. वडगावची हद्द मला कानाने कळते. मागांचा खडखडाट सुरू झाला की समजावे. पण यंत्रमाग बंद पडत चालले आहेत, तेव्हा ही खूण किती दिवस राहील कोण जाणे. बायकांची खूण आणखी वेगळी. आई म्हणते, "ज्यांना आपल्याबरोबर पाणी येतं ते आपले." राकसकोपचे नाहीतर हिडकलचे पाणी ज्या दिवशी ज्या गल्लीत सुटते, त्यावरून तिचा सगळा नकाशा. तरुणांचा नकाशा मंडळांचा. वैशाखातल्या शिवजयंतीला कोणाचा चित्ररथ कोणत्या कोपऱ्यापर्यंतच्या वर्गणीवर उभा राहतो हे मंडळाचे कार्यकर्ते दारोदार अचूक सांगतील.

सीमा हा शब्द आपल्या जिल्ह्यात उच्चारला, की दुसरीच सीमा आठवते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका कोल्हापूरकडे. पुढे महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल झाला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्या वादात शिरण्याची या लेखाची ऐपत नाही, आणि हे मासिक दोन्ही भाषांचे आहे. पण एवढे दिसते, की चंदगडची माणसे आजही बाजाराला आणि दवाखान्याला बेळगावलाच येतात. माझे आजोळ निपाणी. तेथे उलट. कागदोपत्री जिल्हा बेळगाव, पण लग्नाचा बस्ता कोल्हापूरचा. मामाच्या तोंडी 'गावाला जातो' म्हणजे कोगनोळीचा नाका ओलांडून जाणे. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांना नाका ही राज्याची सीमा आहे हे ठाऊक असते, पण ती कधी आडवी येत नसे. २०२० साली साथीत नाक्यावर माणसे अडवू लागले, पास मागू लागले, तेव्हा आजी म्हणाली, "म्हंजे ही रेघ खरीच हाय की!"

बेल्जियम आणि हॉलंड यांच्या सीमेवर बार्ले नावाचे गाव आहे. तेथे सीमारेषा घरांच्या मधून जाते. घर कोणत्या देशाचे, हे पुढचे दार ज्या देशात उघडते त्यावरून धरतात, आणि दार हलवून देश बदलणारेही निघाले. हे वाचून मला आमच्या पाट्यांची आठवण झाली.

तिसऱ्या दिवशी मी वही मित्रापुढे ठेवली. त्याने त्याची काढली. तिन्ही रेघा पंचमीच्या. तो बराच वेळ पाने उलटत राहिला, मग म्हणाला, "तू दाखवली नसतीस तर मला कळलंच नसतं." साहेबांनी दोन्ही वह्या पाहिल्या, "हे काय ऑडिटला चालायचं नाही," म्हणून हसले, आणि तशीच वाटणी केली. पंचमीवाली सहा त्याच्याकडे गेली, धुळवडवाली तीन माझ्याकडे राहिली. औषधाच्या दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, "मला टिळकवाडी नको नि शहापूर नको. कोण येणार तो वेळेवर या." ते माझ्याकडेच ठेवले.

राहिले दोन्ही दिवशी बंद असणारे. ते चहा-फराळाचे दुकान आहे. मालक शहापूरचे, गिऱ्हाईक टिळकवाडीचे. "दोन्हीकडची पोरं येऊन रंगवत्यात, उघडून काय करू?" असे ते म्हणाले. त्यांची पिग्मी आम्ही एक महिना त्याने आणि एक महिना मी अशी वाटून घेतली आहे. चालू महिना माझा आहे.