सफाई आणि सुरक्षा, लेखांक ५ : सुई कुणाची, जखम कुणाला?

मागच्या लेखांकात आपण वॉर्डाची फरशी पुसण्याचा क्रम पाहिला. स्वच्छ कोपऱ्यापासून सुरुवात, घाणीच्या जागेला शेवट, आणि संडासातला पोछा वॉर्डात कधीही आणायचा नाही. आज दवाखान्याच्या सफाईतल्या सगळ्यांत धोक्याच्या वस्तूकडे, म्हणजे वापरलेल्या सुईकडे वळू. त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातल्या मोलगीला जाऊ, कारण शहरात जो नियम गाडी बोलावून पाळता येतो, तो डोंगरात पाळायला किती विचार लागतो हे तिथे नीट समजते.

मोलगी अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या रांगांत आहे. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून तिथे पोहोचता येते. आसपासच्या पाड्यांसाठी बाजार इथलाच आणि ग्रामीण रुग्णालयही इथलेच. रस्ता न पोहोचलेल्या पाड्यांवरून आजही रुग्णाला बांबूच्या झोळीतून आणावे लागते. बाळंतपणे, सर्पदंश, ताप, अशक्त मुले, सिकलसेलचे रुग्ण यांची ये-जा असलेल्या अशा रुग्णालयात रक्त काढणे, सलाईन लावणे आणि इंजेक्शन देणे दिवसभर चालू असते. म्हणजे सुयाही दिवसभर निघत राहतात.

सुई डॉक्टर वापरतात, सिस्टर वापरतात, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ वापरतात. सफाई कामगार ती कधीच वापरत नाही. तरीही बादलीत हात घालताना, पिशवीचे तोंड बांधताना, पलंगाखालून केर ओढताना किंवा चादर झटकताना ती त्याच्या हातात घुसू शकते. वापरणाऱ्याला ती टोचली, तर कोणत्या रुग्णाची सुई हे त्याला माहीत असते. कामगाराला टोचलेल्या सुईला नाव-गाव नसते. म्हणून या लेखाचे म्हणणे एका वाक्यात सांगतो : सफाई कामगार सुरक्षित राहणार की नाही, हे तो वॉर्डात येण्याआधीच, सुई वापरणाऱ्याने ती कुठे टाकली यावर ठरलेले असते.

धोका किती?

वापरलेल्या सुईतून पसरणारे तीन मोठे विषाणू म्हणजे हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी आणि एचआयव्ही. बाधित रक्ताची सुई टोचल्यावर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे तीनशे वेळांत एखाद्या वेळी. हिपॅटायटीस सीची साधारण १.८ टक्के. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटीस बी होण्याची शक्यता मात्र ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे सुई टोचली की माणूस एचआयव्हीच्या विचाराने घाबरतो आणि हिपॅटायटीस बीचे नावही घेत नाही. प्रत्यक्षात आकडे उलटे आहेत. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरू शकतो. त्यामुळे कालची सुई आज निरुपद्रवी झाली असे समजू नये.

सुई नीट नष्ट झाली नाही, तर धोका रुग्णालयाच्या कुंपणाबाहेरही जातो. २००९ साली शेजारच्या गुजरातेत, तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात हिपॅटायटीस बीची जीवघेणी साथ आली. वापरलेल्या सिरिंज आणि सुया पुन्हा वापरल्या गेल्याचे त्यातून उघड झाले. सुई वापरल्याच्या जागीच कापली पाहिजे, या नियमामागे हेही कारण आहे.

सुईचा प्रवास

केंद्र सरकारचे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम मार्च २०१६ मध्ये आले. त्यांत चार रंग ठरलेले आहेत. पिवळ्या पिशवीत वार, शरीराचे कापलेले भाग आणि रक्ताने भिजलेला कापूस व पट्ट्या. लाल पिशवीत सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, हातमोजे आणि सुई काढलेल्या सिरिंज. निळ्यात काचेच्या बाटल्या आणि कुप्या. सुया, ब्लेड आणि इतर धारदार वस्तूंसाठी पांढरा, पारदर्शक, सुई आरपार जाणार नाही असा डबा.

म्हणून सुईचा योग्य प्रवास अगदी छोटा असावा. इंजेक्शन दिले, हाताच्या अंतरावर ठेवलेल्या कटरमध्ये सुई कापली, ती पांढऱ्या डब्यात पडली. सुईला टोपण पुन्हा लावायचे नाही, कारण बरेच अपघात नेमके तेव्हाच होतात. ट्रेमध्ये ‘नंतर टाकू’ म्हणून ठेवायची नाही, गादीत खोचायची नाही. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. तो दाबून, हलवून आणखी सुया मावतात का हे पाहायचे नाही.

यातली एकही गोष्ट सफाई कामगाराच्या हातात नाही. त्याच्या हातात आहे ते पुढचे काम. पिशवी गळ्याशी धरून उचलायची, खालून हाताचा आधार द्यायचा नाही आणि ती अंगापासून दूर धरायची. कचरा हाताने दाबायचा किंवा चाळायचा नाही. जमिनीवर पडलेली सुई चिमट्याने उचलायची. तपासणीचे पातळ हातमोजे या कामाला पुरत नाहीत, जाड रबरी हातमोजे लागतात. पण पोकळ सुईला पूर्णपणे अडवेल असा हातमोजा नसतो. पायात चपलेऐवजी गमबूट हवेत, कारण पडलेली सुई पायालाही तितक्याच सहज टोचते. लाल किंवा पिवळ्या पिशवीत सुई दिसली, तर ती काढायला जायचे नाही. पिशवी तिथेच ठेवून सिस्टरना बोलवायचे. असे बोलवणाऱ्याला ‘काम टाळतो’ म्हणून कुणी ओरडता कामा नये.

घाट, पाऊस आणि ४८ तास

नियमांप्रमाणे प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. शहरात सामायिक प्रक्रिया केंद्राची गाडी येते आणि पिशव्या घेऊन जाते. सातपुड्यातल्या पावसात दरड कोसळली, घाट बंद पडला, तर गाडी कुठून येणार? अशा दुर्गम, केंद्राची सोय न पोहोचणाऱ्या भागांसाठी नियमांत खोल पुरण्याच्या खड्ड्याची तरतूद आहे. त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते.

हा खड्डा सुमारे २ मीटर खोल असतो. तो कचऱ्याने निम्माच भरायचा. मग पृष्ठभागापासून ५० सेंटिमीटर अंतर राहीपर्यंत चुना आणि वरचा भाग मातीने. दर वेळी कचरा टाकला की त्यावर १० सेंटिमीटर मातीचा थर द्यायचा. वर लोखंडी जाळी असावी, म्हणजे कुत्री किंवा डुकरे उकरणार नाहीत. भूजलाची पातळी खड्ड्याच्या तळापासून किमान ६ मीटर खाली हवी. जिथे पाड्यांची माणसे विहिरीचे आणि झऱ्याचे पाणी पितात, तिथे ही अट सगळ्यांत जास्त जपायला हवी. सुयांचा डबा मात्र या खड्ड्यात जात नाही. सुया निर्जंतुक करून वेगळ्या काँक्रीटच्या खड्ड्यात बंद करता येतात. दोन्ही खड्ड्यांपर्यंत कचरा कोण नेतो? सफाई कामगारच. मग त्या वाटेवर पावसात घसरू नये अशी फरसबंदी आणि परतल्यावर हात-पाय धुवायला साबण-पाणी असणे, हाही खड्ड्याच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे.

टोचलीच तर

लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवा. जखम पिळू नका, बोट तोंडात घालू नका, त्यावर ब्लीचिंग किंवा ॲसिड ओतू नका. काम थांबवून त्याच क्षणी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत. ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग राहत नाही. ती २८ दिवस घ्यावी लागतात, मध्येच सोडायची नाहीत. ‘उद्या बघू’ म्हणणे परवडत नाही. डोंगरातल्या रुग्णालयात पहिला डोस रात्री-अपरात्रीही जागेवर मिळेल, इतका साठा आणि त्याची चावी कुणाकडे आहे याची माहिती हवी. हिपॅटायटीस बीची लस घेतली नसेल, तर तीही तेव्हाच सुरू करायची.

खरे तर ही लस आधीच घेतलेली असायला हवी. तिचे तीन डोस असतात. पहिल्यानंतर दुसरा एका महिन्याने आणि तिसरा सहाव्या महिन्यात. २०१६ च्या नियमांनुसार जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस देणे, रुजू होताना आणि नंतर दर वर्षी त्यांची आरोग्य तपासणी करणे, प्रशिक्षण देणे ही संस्थेची जबाबदारी आहे. ‘सर्वांना’ म्हणजे कायम नोकरीतल्यांना आणि कंत्राटदाराकडून आलेल्यांनाही. कंत्राटदार बदलला की माणसे बदलतात, आणि दोन डोस घेतलेल्या मावशींचा तिसरा राहून जातो. म्हणून लसीची नोंद रुग्णालयाच्या वहीत हवी आणि तिचे कार्ड मावशींच्या हातात हवे.

प्रशिक्षणाचेही तसेच. मोलगीच्या आसपास पावरी आणि भिल्ली बोलली जाते. इंग्रजी किंवा कार्यालयीन मराठी तक्ता भिंतीवर लावला म्हणजे प्रशिक्षण झाले, असे होत नाही. कामगाराच्या बोलीत, प्रत्यक्ष डबा आणि पिशवी हातात देऊन शिकवले, तरच ते शिकणे. आणि त्या वर्गात सिस्टर आणि डॉक्टरही बसले पाहिजेत, कारण सुई त्यांच्या हातून निघते.

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ झेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. बाळंतिणींना मारणारी लागण शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांच्याच हातांवरून येत होती. ते सांगितले म्हणून त्यांना फार विरोध झाला. संसर्गाचे मूळ वरच्या हातात शोधायचे हा त्यांचा धडा सफाई कामगाराच्या बाबतीतही तितकाच लागू आहे.

कामगाराला सुई टोचली, की पहिला प्रश्न ‘तू हातमोजे का घातले नव्हतेस?’ असा असतो. तो दुसरा असावा. पहिला प्रश्न ‘ही सुई त्या पिशवीत कशी आली?’ हा हवा. अशा अपघातांची माहिती वार्षिक अहवालात द्यावीच लागते. ती लपवली नाही, तरच कोणत्या वॉर्डात, कोणत्या पाळीला, कोणत्या कामात चूक होते हे दिसेल आणि दुरुस्त करता येईल. तुम्ही रुग्णालय चालवत असाल, तर या आठवड्यात एकच काम करा : तुमच्याकडच्या प्रत्येक सफाई कामगाराचे लसीचे कार्ड मागून पाहा. ज्याच्याकडे नसेल, त्याचा पहिला डोस त्याच दिवशी द्या.

पुढच्या लेखांकात : ब्लीचिंग पावडर, फिनेल आणि संडासाचे ॲसिड. कोणते किती पाण्यात मिसळायचे, आणि कोणती दोन कधीही एकत्र करायची नाहीत.