वरच्या शेतातला बांध आणि खालची वस्ती



परभणी जिल्ह्यात धरण म्हटले की येलदरी, निम्न दुधना, करपरा, मासोळी ही नावे निघतात. ही सरकारी धरणे आहेत. त्यांना अभियंते आहेत, पाणीपातळीच्या नोंदी आहेत, पाणी सोडायचे असले की नदीकाठच्या गावांना इशारा जातो. मला आज लिहायचे आहे ते लहान, खाजगी बांधांविषयी. जिंतूर तालुक्याच्या डोंगराळ भागात आंध समाजाच्या वाड्यांवर मी कामानिमित्त जाते. तिथे ओढ्याला आडवे घातलेले मातीचे बांध दिसतात. कुणी बागेसाठी घातलेला, कुणी जनावरांसाठी, कुणी वसतिगृहाच्या पिण्याच्या पाण्यासाठी. बांध घालणारा वर राहतो. खाली ओढ्याच्या काठी सालगड्याची झोपडी असते, नाहीतर पारधी कुटुंबांची पाले पडलेली असतात. पाणी एकाचे आणि धोका दुसऱ्याचा, असा हा मामला आहे. म्हणून त्याची माहिती आपल्या कार्यकर्त्यांना असली पाहिजे.

लहान म्हणजे किती?

एक एकर पसरलेला आणि सरासरी दोन मीटर खोल असा तलाव धरू. त्यात सुमारे 8000 घनमीटर, म्हणजे 80 लाख लिटर पाणी मावते. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. म्हणजे दहा टनी 800 ट्रक भरतील एवढे वजन एका मातीच्या भिंतीने अडवून धरलेले असते. बांध फुटला तर हे पाणी हळूहळू उतरत नाही. भगदाड वाहत्या पाण्याने रुंदावत जाते आणि बरेचसे पाणी थोड्या वेळात एकाच ओढ्यात घुसते.

बांध कसा फुटतो?

मातीचा बांध मुख्यतः तीन प्रकारे फुटतो.

पहिला प्रकार, पाणी माथ्यावरून वाहणे. माती पाणी अडवते, पण वाहत्या पाण्यापुढे टिकत नाही. म्हणून बांधाच्या एका टोकाला, कठीण जमिनीत, सांडवा ठेवतात. त्याचा उंबरठा माथ्यापेक्षा चांगला खाली असतो. जादा पाणी तिथून निघून जावे, ही त्यातली योजना. पण आणखी थोडे पाणी साठावे म्हणून मालक सांड्यात वाळूची पोती रचतो. मासे निसटू नयेत म्हणून कुणी जाळी लावतो आणि तिच्यात पालापाचोळा अडकतो. मग मोठ्या पावसात पाण्याला माथ्याशिवाय वाट उरत नाही. सप्टेंबर 2024 च्या सुरुवातीला परभणी आणि हिंगोलीत झालेली अतिवृष्टी आपण पाहिली आहे. सांडवा अशाच दिवसासाठी असतो.

दुसरा प्रकार, आतून पोखरणे. प्रत्येक मातीच्या बांधातून थोडे पाणी पाझरतेच. ते स्वच्छ आणि नेहमीइतकेच असेल तर फारसे भय नाही. पण पाझर गढूळ झाला, म्हणजे पाणी आतली माती घेऊन येऊ लागले. आत नळीसारखी पोकळी तयार होते आणि ती मागे मागे सरकत तलावापर्यंत पोचते. घुशींची बिळे, खेकड्यांची भोके, वाळलेल्या झाडांच्या कुजलेल्या मुळ्या आणि बांधातून काढलेल्या पाइपाच्या कडा, इथून हे बहुधा सुरू होते.

तिसरा प्रकार, उतार घसरणे. भराव फार उभा असला आणि पाण्याने भिजून जड झाला, की त्याचा एक भाग खाली बसतो. माथ्यावर लांबच लांब भेग पडणे ही त्याची आधीची खूण.

मराठवाड्यात यात आणखी एक भर पडते, ती काळ्या मातीची. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मे महिन्यात तलाव आटतो आणि बांधाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून काळी माती आत गाभ्याला घालून वर मुरुमाचे जाड आवरण देण्याची रीत आहे. घरच्या घरी घातलेल्या बांधात मुरूम आणण्याचा खर्च वाचवला जातो. मग मृगाचा पहिला मोठा पाऊस त्या भेगांतून सरळ आत शिरतो.

दोन रात्री

2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले. खालच्या भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि किमान 19 माणसे दगावली. धरण सरकारी होते, बांधून जेमतेम वीस वर्षे झाली होती, आणि गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांमुळे धरण फुटल्याचे सांगितले आणि त्यावर राज्यभर टीका झाली. खेकडा मातीत भोक पाडतो हे खरेच आहे. पण भोके शोधून बुजवणे हे माणसाचे काम आहे.

दुसरी घटना दूरची, तरी आपल्याला जवळची. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स हे बायबल कॉलेज आहे. त्याच्या वरच्या अंगाला केली बार्न्स नावाचा मातीचा बांध कॉलेजच्याच मालकीचा होता. पूर्वी त्यावर वीज तयार होत असे. 1957 मध्ये ती बंद झाली आणि पुढे तलाव करमणुकीपुरता उरला. 6 नोव्हेंबर 1977 रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, मोठ्या पावसात, तो फुटला. विद्यार्थी, त्यांची कुटुंबे आणि लहान मुले मिळून 39 जण गेले. चौकशीत एकच एक कारण ठरवता आले नाही. फार उभा उतार, भिजलेला भराव आणि आतून पोखरणे या गोष्टी पुढे आल्या. त्यानंतर अमेरिकेच्या सरकारने धोकादायक ठिकाणच्या खाजगी बांधांचीही तपासणी हाती घेतली.

त्या कॉलेजातले लोक प्रार्थनाशील होते, सेवेसाठी तयार होत होते. म्हणून ज्या मिशन संस्थांच्या आवारात तळे किंवा बांध आहे, त्यांनी ही घटना आपल्या कमिटीपुढे जरूर वाचावी.

कायदा काय म्हणतो?

धरण सुरक्षा कायदा, 2021 हा 30 डिसेंबर 2021 पासून लागू आहे. त्यात मालक म्हणजे केवळ सरकार नव्हे, कंपन्या, संस्था आणि व्यक्तीही येतात. पण हा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना लागू आहे. 10 ते 15 मीटर उंचीची धरणे त्यात येतात ती काही अटींवर. उदाहरणार्थ, माथ्याची लांबी 500 मीटर किंवा साठा 10 लाख घनमीटर असेल तर. आपण पाहिलेला एक एकराचा तलाव यात कुठेच बसत नाही.

याचा अर्थ मालक मोकळा, असा मात्र नाही. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाच्या तलावाचे पाणी शेजाऱ्याच्या खाणीत घुसले. 1868 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की, मालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा नसला तरी भरपाई त्यानेच द्यायची. 1874 मध्ये मद्रासकडील तळी फुटून रेल्वेचे नुकसान झाले, त्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने वेगळा विचार केला. अशी तळी राखणे हे जमीनदाराचे लोकांप्रती कर्तव्यच होते, म्हणून निष्काळजीपणा असेल तरच तो जबाबदार, असे म्हटले. दोन्ही निकाल मिळून एक गोष्ट स्पष्ट आहे. निष्काळजी मालकाला सुटका नाही.

पवित्र शास्त्र याहून जुने आहे. निर्गमाच्या 21 व्या अध्यायात खड्डा उघडा ठेवणाऱ्याला, त्यात पडलेल्या शेजाऱ्याच्या बैलाची किंवा गाढवाची भरपाई करायला सांगितले आहे. अनुवादाच्या 22 व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला छताला कठडा करण्याची आज्ञा आहे, म्हणजे कुणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये. सांडवा हा तलावाचा कठडाच आहे.

आपण काय करावे?

मे महिन्यात एकदा, आणि पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या पावसानंतर, बांधावरून आणि त्याच्या पायथ्याने चालत जावे. पुढील गोष्टी पाहाव्यात.

1. सांडवा मोकळा आहे का? पोती, जाळी, काटेरी झुडपे काढावीत.
2. माथा कुठे खचला आहे का? खचलेल्या जागी मुरूम टाकून नीट धुम्मस करावे.
3. पायथ्याशी नवी ओल, दलदल किंवा गढूळ पाझर आहे का?
4. बिळे, भोके, भेगा आहेत का? भरावावर झाडे वाढू देऊ नयेत, बारीक गवत चालते.
5. पाइपाच्या कडेने पाणी येते का?

पाझर गढूळ दिसला तर दुरुस्तीची वाट पाहू नये. आधी खालच्या वस्तीतील माणसे उंचावर न्यावीत, मग पाणी सावकाश उतरवावे. एकदम उपसले तर आतला उतार घसरू शकतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे आणि तातडीच्या मदतीसाठी 112.

मालक ऐकत नसेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. माणसांना इजा होईल अशा धोकादायक बांधकामाबाबत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी आदेश काढू शकतात. जुन्या संहितेतील हेच कलम 133 होते.

सालगड्याला मालकाविरुद्ध अर्ज देणे सोपे नसते, हे मला ठाऊक आहे. त्याची उचल अंगावर असते, झोपडीची जागाही मालकाचीच असते. म्हणून अर्जावर त्याच्या एकट्याची सही घेऊ नये. महिला मंडळ, बचत गट, मंडळी आणि संस्था यांनी मिळून सही करावी. त्याआधी मालकाला घरी जाऊन भेटावे. बहुतेक मालक दुष्ट नसतात. त्यांनी बांधाकडे कधी खालच्या बाजूने पाहिलेले नसते. त्यांना एकदा पायथ्याशी आणून उभे करावे आणि तिथून झोपडी किती पावलांवर आहे ते मोजायला सांगावे.

पुढचा पाऊस येण्याआधी आपल्या भागातील असे बांध आणि त्यांच्याखालच्या वस्त्या यांची यादी प्रत्येक केंद्राने करावी, अशी माझी विनंती आहे. यादीत घरातील माणसांची संख्या, रात्री हाक मारण्यासाठी जबाबदार व्यक्ती आणि वर जाण्याची वाट एवढे लिहिले तरी पुरे. देव आपल्या हातांना या कामासाठी बळ देवो.